कुळाचा खंड आणि चिपची रॉयल्टी

(शहाड येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावात हा अभ्यासवर्ग भरला आहे, त्या गावाचा संसार रेयॉनच्या धाग्यावर उभा राहिला. तेव्हा संगणकाच्या चिपसारख्या, वरवर पाहता पवई-बंगलोरच्या विद्वानांनीच बोलावे अशा विषयाची सुरुवातही येथे धाग्यापासून केलेली बरी. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया घडवायची आणि तयार झालेला मधासारखा दाट द्रव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडायचा, की धागा हाती येतो. ही व्हिस्कोसची रीत. परंतु धागा बनताना कार्बन डायसल्फाइड पुन्हा मोकळा होतो आणि त्याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड हा दुसरा वायू सुटतो. पहिला इतका ज्वालाग्राही, की त्याला ठिणगीचीही गरज पडत नाही. तापलेल्या वाफेच्या नळीच्या स्पर्शानेही तो पेट घेऊ शकतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या कारखान्याच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, हे येथे कोणाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा वायू अधिक कपटी. अगदी अल्प प्रमाणात असला तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येऊन तो स्वतःच आपली वर्दी देतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले, की थोड्याच वेळात नाक बधिर होते आणि वास नाहीसा होतो. अनुभव नसलेला माणूस समजतो, की वायू गेला. म्हणजे ज्या क्षणी पहारेकऱ्याने ओरडायला हवे, नेमक्या त्याच क्षणी तो झोपी जातो. १९८४ च्या भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या अनुसूचीत या वायूसाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा दहा लाखांत १० भाग आणि पंधरा मिनिटांची मर्यादा १५ भाग अशी घालून दिली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. पण कायदा कोणताही असो, आठ तासांची सरासरी माणसाच्या नाकाला काढता येत नाही. ती काढायला यंत्र लागते.

असे यंत्र आगपेटीहून थोडे मोठे असते आणि कामगाराच्या खिशाला अडकवता येते. त्यातील संवेदकावर वायू पोहोचला, की अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो वाढवून त्याचा आकडा केला जातो आणि नखाएवढा एक संगणक दर सेकंदाला तो आकडा वाचतो, मागच्या आकड्यांशी त्याची बेरीज करतो, मर्यादेशी तुलना करतो आणि वेळ आली की भोंगा वाजवतो. दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसून एकच नेमून दिलेले काम जन्मभर करणाऱ्या अशा संगणकाला ‘एम्बेडेड सिस्टिम’ म्हणतात. विजेच्या मीटरमध्ये तो असतो, उद्‌वाहनात असतो, शेतीच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये असतो, भिवंडीच्या नव्या मागांतही असतो. टेबलावरचा संगणक सर्वांना दिसतो. हा दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याच्या मालकीचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

मालकी नेमकी कशाची, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. प्रोसेसरला काही मोजक्याच आज्ञा कळतात. दोन आकड्यांची बेरीज कर, स्मृतीतून अमुक आकडा आण, उत्तर शून्य आले तर तमुक ठिकाणी जा, अशा स्वरूपाच्या. या आज्ञांची ठरलेली यादी म्हणजे त्या प्रोसेसरचा आज्ञासंच. सगळे कार्यक्रम शेवटी याच यादीत उतरवावे लागतात. वस्तुतः ही यादी म्हणजे एक करार आहे. तिच्यात यंत्र नाही, तार नाही, सिलिकॉन नाही. तरीही त्या यादीबरहुकूम चालणारा प्रोसेसर कोणी स्वतःच्या बुद्धीने बनवू म्हणेल, तर यादीच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. १९९० मध्ये केंब्रिज येथे स्थापन झालेली आर्म ही कंपनी याचे ठळक उदाहरण. तीन दशके तिने स्वतःची एकही चिप बाजारात विकली नाही. इतरांनी चिप बनवायच्या. त्यांनी आरंभी परवान्याची रक्कम भरायची आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपमागे रॉयल्टी द्यायची. २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने ही कंपनी सुमारे ३२ अब्ज डॉलरना विकत घेतली. एवढी किंमत कारखान्याची नव्हती, हक्काची होती.

ठाणे जिल्ह्यातील श्रोत्यांना या व्यवस्थेचे नाव शोधण्यासाठी अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. भात पिकवायचे कुळाने आणि खळ्यावर वाटा न्यायचा सावकार-जमीनदाराने, या व्यवहारालाच येथे खंड म्हणत. रिकार्डोने १८१७ मध्ये खंडाची मीमांसा केली तेव्हा त्याच्यासमोर जमीन होती आणि जमीन निदान मर्यादित तरी होती. एकाने नांगरली तर दुसऱ्याला ती नांगरता येत नाही. आज्ञांची यादी हजार जणांनी वापरली तरी झिजत नाही. तिच्यावरचा खंड निसर्गाच्या टंचाईतून येत नाही, तो निव्वळ कागदातून येतो.

प्रतिपक्षाची बाजूही येथे सांगितली पाहिजे. आर्मसारखी कंपनी केवळ यादी देत नाही. कसून तपासलेला तयार आराखडा देते, आणि प्रोसेसरच्या आराखड्यात तपासणीचे श्रम प्रचंड असतात. त्या श्रमांचा मोबदला मागणे गैर नाही. पण श्रमाचा मोबदला आणि यादीचा खंड एकाच बिलात बांधून दिले, की ग्राहकाला त्यातले काय कशाचे हे कळेनासे होते. कुळालाही बियाण्याचे पैसे आणि खंड वेगळे करून कोणी सांगत नसे.

या बंधनाला २०१० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत वेगळे वळण लागले. हे सरकारी विद्यापीठ. क्रस्टे असानोविच आणि डेव्हिड पॅटरसन हे प्राध्यापक व त्यांचे विद्यार्थी यांना संशोधनासाठी एक आज्ञासंच हवा होता. बाजारातले संच किचकट होते आणि परवान्यांनी जखडलेले होते. त्यांनी नवीनच यादी केली आणि कोणीही वापरावी म्हणून मोकळी सोडली. बर्कलीतील या वळणाची ही पाचवी यादी, म्हणून तिचे नाव ‘रिस्क-फाइव्ह’. तिचा पाया अवघ्या चाळीसेक आज्ञांचा आहे. गुणाकार हवा तर एक पुरवणी, दशांश अपूर्णांक हवे तर दुसरी, आणि ज्याला स्वतःच्या खास आज्ञा घालायच्या असतील त्याच्यासाठी यादीत जागा राखून ठेवलेली. २०१५ मध्ये तिच्या देखभालीसाठी संस्था स्थापन झाली आणि अमेरिकी सरकारच्या निर्यातबंदीच्या सावलीतून दूर राहावे म्हणून २०२० मध्ये ती संस्था स्वित्झर्लंडला गेली.

दोन गोष्टींची गल्लत मात्र होता कामा नये. यादी खुली म्हणून प्रत्येक प्रोसेसर खुला होत नाही. मराठी भाषा कोणाच्या मालकीची नाही. पण मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचे हक्क राखून ठेवता येतात. रिस्क-फाइव्हची यादी घेऊन बंदिस्त चिप विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. उलट मद्रासच्या आयआयटीत प्रा. कामकोटी यांच्या गटाने ‘शक्ती’ या नावाने जे प्रोसेसर केले, त्यांचा आराखडाच सर्वांसाठी खुला ठेवला आहे. आणखी एक भेद आहे. मालकाच्या मर्जीने खुले असणे वेगळे आणि नियमाने खुले असणे वेगळे. मिप्स हा जुना नामांकित आज्ञासंच त्याच्या मालकांनी डिसेंबर २०१८ मध्ये खुला करण्याची घोषणा केली. वर्ष पुरे होण्याच्या आत, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ती योजना गुंडाळली. ज्यांनी त्या भरवशावर काम सुरू केले होते त्यांची अवस्था तोंडी करारावर शेत कसणाऱ्या कुळासारखी झाली.

महाराष्ट्राला हा धडा यापूर्वीच मिळालेला आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्याला ‘सी-डॅक’ ही सरकारी संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्या यशाचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण परमच्या पोटात जे प्रोसेसर होते ते ट्रान्सप्यूटर, ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे. या इनमॉसची कथा समाजवाद्यांनी विसरू नये अशी आहे. १९७८ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने सार्वजनिक पैशातून ती स्थापन केली. १९८४ मध्ये थॅचर सरकारने ती एका खासगी उद्योगसमूहाला विकली, त्याने १९८९ मध्ये पुढे विकली आणि काही वर्षांत ट्रान्सप्यूटरचा वंशच संपला. पुण्यातील अभियंत्यांना पुढच्या परमसाठी दुसऱ्या कंपन्यांचे प्रोसेसर शोधावे लागले. यंत्र पुण्याचे, त्याचे काळीज ब्रिस्टलचे, आणि काळजाचा निर्णय लंडनमध्ये.

पुढचे पाऊल पवईत पडले. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा प्रोसेसर घडवला. २०१९ मध्ये तो लोकांसमोर आला. त्यांनी रिस्क-फाइव्ह न घेता स्पार्क ही जुनी यादी घेतली. मूळची ती सन कंपनीची, पण १९९४ मध्ये अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली. येथे नियमाने खुली असलेली यादी म्हणजे काय ते दिसते: कंपनी गेली, यादी राहिली. चिप छापली गेली ती मोहालीच्या सरकारी कारखान्यात, १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने. मोबाइलमध्ये चालणारी ती चिप नव्हे. पण खिशाला लावलेल्या वायुसूचकाला मोबाइलची चपळाई कशाला हवी?

आता वायुसूचकाकडेच परत येऊ. खुल्या आराखड्याने तो घडवायचा तर काम कसे चालते? आराखडा म्हणजे मजकूरच असतो. कोणते फाटक कोणाला जोडायचे याचे वर्णन एका विशिष्ट भाषेत लिहिलेले असते. पिको-आरव्ही३२ सारखे छोटे प्रोसेसर असे लिहून सर्वांसाठी ठेवलेले आहेत. सर्व्ह नावाचा एक आराखडा तर बत्तीस अंकांची बेरीज एकेक अंक घेऊन करतो. शाळेतल्या मुलासारखा हातचा धरून, सावकाश. त्यामुळे तो अतिशय लहान होतो आणि सेकंदाला एक आकडा वाचणाऱ्या यंत्राला तेवढी गती पुरून उरते. हा मजकूर एफपीजीए नावाच्या कोऱ्या चिपवर चढवला, की ती चिप त्या प्रोसेसरसारखी वागू लागते. चूक सापडली तर मजकूर दुरुस्त करून पुन्हा चढवता येतो. आज्ञांचा अनुवाद करणारी साधनेही खुली आहेत. अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्याला शिकता येईल असे हे काम आहे.

पण आराखडा हाती असण्याचा खरा लाभ यापुढे दिसतो. प्रोसेसरवरचा कार्यक्रम एखाद्या वेळी अडकतो, सगळेच संगणक कधी ना कधी अडकतात, आणि अडकलेला वायुसूचक हा बधिर नाकाहून अधिक घातक, कारण त्याच्यावर माणसाचा विश्वास असतो. ज्याच्या हाती आराखडा आहे त्याला प्रोसेसरच्या शेजारी एक स्वतंत्र तुलनाफाटक बसवता येते: वायूचा आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की प्रोसेसर जागा असो वा नसो, भोंगा वाजलाच पाहिजे. प्रोसेसर ठरावीक वेळात हजेरी देत नसेल तर त्याला नव्याने सुरू करणारा पहारा बसवता येतो. आणि प्रत्येक पाळीची नोंद पुसता येणार नाही अशा रीतीने साठवता येते. बंद पेटी घेणाऱ्याला या गोष्टी आत आहेत किंवा नाहीत, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून मानून घ्यावे लागते. यंत्राच्या आतली मर्यादा दहावर लावली आहे की वीसवर, हेही.

येथपर्यंत ऐकून एखाद्याला वाटेल, की खंड गेला, आता स्वराज्य आले. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनालाही असेच वाटले होते. १९४८ च्या कूळकायद्याला झालेल्या दुरुस्तीने त्या दिवशी कुळे कसत असलेल्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. कायदा थोर होता. पण सातबारावर नाव चढले म्हणून गोठ्यात बैल आले नाहीत, विहिरीला पाणी लागले नाही आणि बियाण्यासाठी त्याच सावकाराचा उंबरा चढावा लागला. जेथे पतपेढी आणि पाटबंधारे पोहोचले तेथे कूळ शेतकरी झाले. जेथे पोहोचले नाहीत तेथे अनेकांची जमीन पुन्हा हातची गेली. खुला आज्ञासंच म्हणजे सातबारा आहे. बैल वेगळे जोडावे लागतात.

पहिला बैल म्हणजे चिप छापण्याचा कारखाना. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला १९७६ मध्ये मंजुरी मिळाली, १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या काळी जगाच्या फार मागे आपण नव्हतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे आग लागली, कारखाना बेचिराख झाला, आणि सावरायला इतकी वर्षे गेली की जग पुढे निघून गेले. दुसऱ्या एखाद्या देशात अशी आग लागती तर दोन वर्षांत दुप्पट कारखाना उभा राहता. येथे तो अवकाश खात्याची प्रयोगशाळा होऊन राहिला आणि पुढे इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे आला. आज देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे आराखडे तेथे छापून मिळतात, ही आनंदाची गोष्ट. एकाच तबकडीवर अनेकांचे आराखडे छापून खर्च वाटून घेण्याची ही पद्धत, म्हणजे गावातल्या सगळ्यांचा ऊस एकाच गुऱ्हाळात. पण गुऱ्हाळ कोणाचे, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेत ईफॅबलेस ही खासगी कंपनी खुल्या आराखड्यांसाठी हेच काम करीत होती. पैसा संपला आणि मार्च २०२५ मध्ये ती बंद पडली. आराखडे खुलेच राहिले, छापणारा राहिला नाही.

दुसरा बैल प्रमाणपत्राचा. ज्वालाग्राही वायूत वापरायचे उपकरण स्वतः ठिणगी टाकणार नाही, तापणार नाही, याची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा खर्चाची, वेळखाऊ, आणि ती सैल करा असे कोणताही शहाणा कार्यकर्ता म्हणणार नाही. ती सरकारी खर्चाने व्हावी, असे मात्र म्हणता येते.

आणि तिसरा, सर्वांत बलवान बैल म्हणजे संख्या. चिपचा अर्थव्यवहार छापखान्यासारखा आहे: साचा महाग, प्रत स्वस्त. शहाडच्या एका कारखान्याला लागतील तेवढ्या वायुसूचकांसाठी स्वतंत्र चिप छापणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. एफपीजीए किंवा तयार चिपच वापरावी लागेल, आणि तयार चिपच्या बाजारात चीनमधील नानजिंगच्या एका कंपनीची रिस्क-फाइव्ह चिप दहा अमेरिकी सेंटांच्या आसपास मिळते. खुल्या यादीचे पहिले पीक कोणी कापले, हे यावरून दिसावे. सी-डॅकनेही ‘वेगा’ या नावाने रिस्क-फाइव्हचे प्रोसेसर केले आहेत, त्यांतील ‘तेजस’ हा छोटा प्रोसेसर अशाच कामांसाठी आहे. पण दहा सेंटांशी झुंज द्यायची तर लाखांनी नव्हे, कोटींनी मागणी हवी.

कोटींची मागणी महाराष्ट्रात सरकारी हाती आहे. महावितरणने स्मार्ट मीटरची जी योजना आखली ती दोन कोटींहून अधिक मीटरांची. कंत्राटे खासगी उद्योगसमूहांना गेली. लोकांचा विरोध इतका झाला की जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. त्या आंदोलनात आपल्या कार्यकर्त्यांनी दराचा प्रश्न विचारला, खासगीकरणाचा विचारला. मीटरच्या आत काय आहे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. दोन कोटी पेट्यांमध्ये दोन कोटी प्रोसेसर, आणि निविदेत एक अट घातली असती, की प्रोसेसरचा आज्ञासंच नियमाने खुला असावा, मीटरचा कार्यक्रम वीज नियामक आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञांना तपासण्यास मोकळा असावा, आणि काही हिस्सा देशात रचलेल्या चिपचा असावा, तर सी-डॅकच्या, पवईच्या, मद्रासच्या आराखड्यांना पतपेढी मिळाली असती. अर्थात खुल्या प्रोसेसरने मीटर आपोआप प्रामाणिक होत नाही. मोजणारा भाग वेगळा असतो आणि कार्यक्रम बंद ठेवता येतो. म्हणूनच अट कार्यक्रमावरही हवी.

या हिशेबातून कामगार निसटू नये. शहाडशेजारी मोहन्याचा एनआरसी २००९ पासून बंद आहे. तेथील देण्यांचा लढा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या पिढीबरोबर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकची एक विद्याही गेली. हवेच्या दाबावर चालणारा जुना नियंत्रक तो उघडत असे, आतली घडी साफ करीत असे, नकाशा पाहून पुन्हा जुळवीत असे. मग बंद कार्डे आली. दिवा लाल झाला की कार्ड काढायचे, नवे बसवायचे, जुने पेटीत घालून कंपनीकडे पाठवायचे. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ मध्ये कारागिराच्या हातून ज्ञान काढून घेण्याची जी प्रक्रिया वर्णिली, तिचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागू नये. खुल्या आराखड्याने ते ज्ञान परत कारखान्याच्या कार्यशाळेत आणता येते, पण आपोआप नव्हे. अंबरनाथ-उल्हासनगरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांच्या हाती दोन-चार एफपीजीएचे फलक आणि सी-डॅकचे ‘एरिस’ फलक द्यावे लागतील, शिकवणारे तयार करावे लागतील. यासाठी लागणारा पैसा एका उद्‌घाटन समारंभाच्या मंडपाहून फार नाही.

आणि नोंदींचे काय? वायुसूचकाच्या स्मृतीत पाळीगणिक जमा होणारा आकडा हा कामगाराच्या फुफ्फुसाचा हिशेब आहे. वीस वर्षांनी मज्जातंतूंचा विकार जडल्यावर भरपाईच्या दाव्यात तोच पुरावा ठरू शकतो. आज तो जेथे नोंदला जातो तेथे मालकाच्या संगणकात उतरतो आणि तो वाचण्याची किल्ली उपकरण विकणाऱ्याकडे असते. संघटनेच्या पुढच्या मागणीपत्रात वायुसूचकाची मागणी लिहिताना, ‘त्यातील नोंदीची प्रत प्रत्येक पाळीनंतर कामगारास वाचता येईल अशा स्वरूपात मिळावी’, एवढे एक वाक्य वाढवण्यासाठी पवईच्या किंवा मोहालीच्या कोणत्याही चिपची वाट पाहावी लागत नाही.